अमेरिकेतल्या नॅशनल पार्कच्या आत तंबूत राहणे : बुकिंग, खाणं, थंडी, अस्वलं

रानमेवा
जुलैमध्ये योसेमिटी किंवा यलोस्टोन, दोन्हींपैकी एक. राहायचं ते पार्कच्या आतल्या कॅम्पग्राउंडवरच, तंबूत. चार मोठी माणसं आणि तीन मुलं, शिवाय भारतातून आलेले आईबाबा दोन रात्री सोबत असतील. विमान, भाड्याची गाडी, काय बघावं यावर इथे बरेच धागे आहेत, ते वाचलेत. मला फक्त मुक्कामाबद्दल हवं आहे: बुकिंग नेमकं कधी उघडतं, रात्री खाण्याच्या सामानाचं काय करायचं, किती थंडी पडते आणि कुकर नेऊन उपयोग होतो का.

सह्यकडा
आधी माणसं मोजा. योसेमिटीत एका साइटवर (म्हणजे तंबू लावायच्या एका आखून दिलेल्या जागेवर) जास्तीत जास्त सहा जण, मुलं धरून, आणि दोन गाड्या. तुम्ही सात आणि दोन, म्हणजे नऊ. दोन साइट लागणार. शेजारशेजारच्या मिळतील अशी आशा ठेवू नका, एकाच लूपमध्ये (कॅम्पग्राउंडमधल्या एकाच गोल रस्त्याभोवती) मिळाल्या तरी पुष्कळ.

योसेमिटी व्हॅलीतली अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स ही तीन कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून आरक्षित होतात. तारखा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता (पॅसिफिक वेळ) एकेका महिन्याच्या गठ्ठ्याने उघडतात. १५ जुलै ते १४ ऑगस्ट हवं असेल तर १५ फेब्रुवारी. ईस्ट कोस्टवाल्यांचे तेव्हा १० वाजलेले असतात. नॉर्थ पाइन्ससाठी काही वर्षी त्याआधी लॉटरीचा वेगळा प्रकार ठेवतात, तुमच्या वर्षी असेल तर तो अर्ज चुकवू नका.

त्या सकाळी करायचं ते असं. खातं आणि कार्ड आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. दोन माणसांनी दोन वेगळ्या खात्यांतून, दोन वेगळ्या लूपमधल्या साइटवर नेम धरायचा. आवडत्या साइटच्या क्रमांकांची यादी हाताशी ठेवायची, कारण पहिली गेली तर नकाशा उघडून शोधत बसायला वेळ नसतो. कार्टमध्ये साइट पडली की पैसे भरायला १५ मिनिटं असतात, तेव्हा घाई फक्त कार्टपर्यंत करायची. ज्याच्या नावावर आरक्षण आहे तो माणूस ओळखपत्रासह हजर लागतो. दुसऱ्याने घेतलेली साइट विकत घेण्याच्या फंदात पडू नका, ती फाटकावरच अडते.

पावशेर
सह्यकडा यांचं योसेमिटीपुरतं बरोबर, पण सगळीकडे गठ्ठा पद्धत नाही. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरचं मेदर कॅम्पग्राउंड सहा महिने आधी रोज एकेक तारीख पुढे सरकत उघडतं. तिथे वेगळीच गंमत होते. बुकिंगची खिडकी (कुठल्या तारखा कधी खुल्या होतात ते) पोहोचण्याच्या तारखेवर चालते, त्यामुळे शुक्रवार-शनिवारच्या दोन रात्री हव्या असणारा माणूस शुक्रवार उघडायची वाट बघत बसतो आणि बुधवारपासून चार रात्री घेणाऱ्यांनी तोच वीकेंड दोन दिवस आधी उचललेला असतो. म्हणून सरकत्या खिडकीच्या पार्कात पोहोचण्याचा दिवस मंगळवार-बुधवार धरा.

सह्यकडा
मान्य. आणि पहिल्या दिवशी नाही मिळालं म्हणून हार मानू नका. रद्द करण्याचे नियमच असे आहेत की शेवटच्या आठवड्यात साइट सुटतात. रिक्रिएशन डॉट गव्हवर आरक्षण रद्द केलं तर १० डॉलर कापतात. पोहोचण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केलं तर १० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं दोन्ही जातं. त्यामुळे मन बदललेले लोक दोन-तीन दिवस आधी सोडून देतात. त्याच संकेतस्थळावर साइट सुटल्याची सूचना लावता येते ती लावा, आणि तुमच्या तारखेच्या आदल्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःही बघा. सूचना येईपर्यंत साइट गेलेली असणं नेहमीचंच.

न कळवता गैरहजर राहिलात तर २० डॉलर आणि पहिली रात्र. रस्त्यात अडकलात तर मात्र लगेच साइट जात नाही, दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत ती तुमचीच असते.

भटकी_मांजर
यलोस्टोनबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. तिथे १२ कॅम्पग्राउंड आहेत, २,००० हून जास्त साइट. त्यातली पाच (मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज आरव्ही) एक खाजगी कंत्राटदार कंपनी चालवते आणि त्यांचं बुकिंग कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर होतं. बाकीची पार्क सर्व्हिसकडे (नॅशनल पार्क सांभाळणारं सरकारी खातं). रिक्रिएशन डॉट गव्हवर मॅडिसन शोधून 'दिसतच नाही' म्हणणारे दर उन्हाळ्यात भेटतात.

कंत्राटदाराच्या कॅम्पग्राउंडवर साइटचा क्रमांक आधी निवडता येत नाही. तंबूचं माप सांगायचं, पोहोचल्यावर ते साइट देतात. त्यामुळे माप खरं सांगा. सांगितला छोटा तंबू आणि आणला बारा बाय दहाचा महाल, तर तो मिळालेल्या जागेत मावत नाही.

फिशिंग ब्रिजवर तंबू चालतच नाही. भक्कम भिंतींच्या आरव्हीच (राहायची सोय असलेल्या गाड्या) फक्त, कापडी छताचा पॉपअप ट्रेलरसुद्धा नाही. कारण तो भाग ग्रिझलींचा (मोठ्या तपकिरी अस्वलांचा) आहे.

मोगली_२
खाण्याच्या सामानाचं एवढं काय? गाडीत ठेवायचं, काचा वर, कुलूप. झालं.

अस्वलपुराण
मोगली, तुमचं उत्तर यलोस्टोनमध्ये पास आणि योसेमिटीत नापास. यलोस्टोनमध्ये बंद, भक्कम गाडीत किंवा साइटवरच्या लोखंडी पेटीत, दोन्ही चालतं. योसेमिटीत अंधार पडल्यानंतर गाडीत खाण्याचा कणही ठेवायचा नाही, सगळं लोखंडी लॉकरमध्ये. तिथल्या काळ्या अस्वलांना गाडीच्या दाराची वरची कड पंजाने धरून खाली वाकवता येते, हे त्यांनी पिढ्यानपिढ्या शिकून घेतलंय. दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो आणि गाडीची दुरुस्ती वेगळी.

लॉकरचं माप योसेमिटीत असं असतं: ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद, १८ इंच उंच. घरून निघण्याआधी कूलर मोजा. उंची १८ इंचांच्या वर असेल तर तो उभा जाणार नाही आणि आडवा केला की बर्फाचं पाणी सगळ्या पिठात. नऊ जणांचं सामान दोन साइटच्या दोन लॉकरमध्ये बसतं, पण कोरडा शिधा प्लास्टिकच्या टोपलीऐवजी मऊ पिशव्यांत भरलात तर.

'खाणं' म्हणजे फक्त खाणं नाही. ज्याला वास आहे ते सगळं: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, बाळाचे ओले वाइप्स, औषधी गोळ्या, रिकामा कूलर, कचऱ्याची पिशवी, उघडलेली पाण्याची फ्लेवरवाली बाटली. अस्वल कूलर आकारावरूनही ओळखतं, म्हणून रिकामा असला तरी तो गाडीत डोळ्यांना दिसेल असा ठेवायचा नाही.

लोक ज्यात चुकतात त्या जागा म्हणजे लहान मुलाच्या कार सीटच्या फटीतले चुरमुरे, दाराच्या खणातलं च्युइंगगम, जॅकेटच्या खिशातला चिक्कीचा कागद. कार सीट पार्कात शिरण्याआधीच व्हॅक्यूम करून घ्या. आणि लॉकर फक्त रात्री नाही, तुम्ही हाताने वस्तू काढत नसाल तेव्हा दिवसासुद्धा कडी लावून बंद. टेबलावर भाजी चिरत असताना मागे उघडा लॉकर, हे अस्वलापेक्षा खारी आणि कावळ्यांना जास्त आवडतं.

मोगली_२
बरं, नापास तर नापास. पण मग बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) घेऊन ठेवतो.

अस्वलपुराण
तोही कुठला पार्क ते बघून. यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्लेशियर इथे जवळ बाळगायला सांगतात. योसेमिटीत आणि सिकोया-किंग्स कॅन्यनमध्ये त्याला बंदी आहे. विमानात तर कुठल्याच सामानात चालत नाही, हातातल्याही नाही आणि चेक-इनच्याही नाही, त्यामुळे तिकडे पोहोचल्यावर घ्यायचा. डब्यावरची मुदत वाचा. संपली की आतला दाब कमी झालेला असतो. तो अस्वलाच्या तोंडावर फवारायचा असतो, तंबूवर किंवा अंगावर डासांच्या औषधासारखा शिंपडायचा नसतो (हसू नका, लोक करतात). अंतराचा नियम यलोस्टोनमध्ये असा: अस्वल, लांडगे आणि कूगरपासून (डोंगरी सिंह) १०० यार्ड, बायसन (रानगव्यासारखा), एल्क (मोठं हरीण) आणि बाकी सगळ्यांपासून २५ यार्ड. बायसन साइटमधून चालत गेला तर तुम्ही हलायचं, तो हलत नाही.

तिसरी_शिट्टी
कुकरचा प्रश्न माझ्याकडे.

न्या. नक्की न्या. कॅन्यन कॅम्पग्राउंड साधारण ७,९०० फुटांवर आहे, मॅडिसन ६,८००, मेदर ७,०००. सात हजार फुटांवर पाणी सुमारे ९३ अंशालाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर खदखदत राहील आणि तरी दाण्यात कण राहील, वर गॅस संपेल. कुकरमध्ये आतला दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजला जातो, त्यामुळे उंचीवर आतलं तापमानही घरच्यापेक्षा तीन-चार अंश कमी राहतं. एवढ्यासाठी नेहमीपेक्षा एक शिट्टी जास्त द्या, बास. भाताला पाणी थोडं वाढवा. डाळ सकाळीच झाकणाच्या डब्यात भिजवून लॉकरमध्ये ठेवली तर तेही करावं लागत नाही.

कुकर तीन किंवा पाच लिटरचाच. दोन बर्नरच्या कॅम्प स्टोव्हला वारा अडवणारे पत्रे असतात, सात लिटरचा कुकर त्यांच्या मध्ये बसत नाही आणि दुसऱ्या बर्नरवर सांडतो. रबर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकेक जास्तीचा ठेवा, तिथल्या दुकानात मिळायचा प्रश्नच नाही.

गॅसचा हिशेब: हिरव्या रंगाची एक पौंडाची प्रोपेनची टाकी, १०,००० बीटीयूचा (बर्नरची ताशी उष्णता मोजायचं माप) एक बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर सुमारे दोन तास चालते. नऊ जणांचा सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीची खिचडी यात दिवसाला एक टाकी धरा आणि वर एक.

ब्यूटेनचा चपटा एकबर्नरी स्टोव्ह स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खाली वायू होणंच थांबवतो, आणि डोंगरातली पहाट म्हणजे नेमकी तीच वेळ. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू राहतो. विमानाने जाणाऱ्यांनी कुठलीही गॅसची टाकी नेता येत नाही हे लक्षात ठेवा. वापरलेला स्टोव्ह न्यायचा तर इंधनाचा अंश आणि वास दोन्ही जाईपर्यंत धुतलेला हवा.

फोडणी मात्र दिवसाउजेडी. हिंग-मोहरीचा वास रात्री दहाला सगळ्या लूपमध्ये फिरवण्यात अर्थ नाही. आणि स्वयंपाकाचे कपडे घालून तंबूत झोपू नका.

पावशेर
भांडी कुठे घासायची तेही सांगा. नळावर घासली की रेंजर (पार्कचा रक्षक) येतो.

तिसरी_शिट्टी
बरोबर. पिण्याच्या पाण्याचा नळ फक्त भरून घ्यायला. दोन टब न्या, एक साबणाचा, एक विसळायचा. आधी ताटं कागदाने कोरडी पुसायची आणि तो कागद अस्वलाला उघडता न येणाऱ्या कचरापेटीत. धुतलेलं पाणी गाळणीतून काढायचं, गाळ कचऱ्यात, पाणी स्वच्छतागृहाजवळच्या सांडपाण्याच्या सिंकमध्ये. झुडपात ओतलं तर रात्री तिथेच पाहुणे येतात. बाथरूमच्या बेसिनमध्ये डाळीचं भांडं धुणाऱ्याला कुठलीच शिक्षा पुरेशी नाही.

गोधडी
थंडी. जुलै म्हणून हलक्यात घेऊ नका. यलोस्टोनमध्ये जुलैच्या रात्रीही पारा शून्याजवळ जाऊ शकतो. योसेमिटी व्हॅली ४,००० फुटांवर असल्याने तिथे त्या मानाने सुसह्य, पण त्याच पार्कातलं टुओलमी मेडोज ८,६०० फुटांवर आहे. 'योसेमिटीत किती थंडी' या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नाही.

तंबूत थंडी वाजते ती बहुतेक वेळा खालून. स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली येतो त्यातलं भरण दबून सपाट होतं आणि निकामी ठरतं. त्या जागी ऊब धरायचं काम पॅडचं (बॅगेखाली अंथरायची पातळ गादी). पॅडवर 'आर' किंमत छापलेली असते, ती जितकी जास्त तितकी ऊब टिकते. उन्हाळ्यात व्हॅलीत २ पुरते, सात-आठ हजार फुटांवर ४ किंवा त्याच्या वर घ्या. घरात पाहुण्यांसाठी वापरतो ती जाड हवेची गादी दिसायला आलिशान, पण तिची आर किंमत १ च्या आसपास असते, कारण आतली सगळी हवा रात्रभर फिरत राहते आणि अंगातली ऊब जमिनीला नेऊन देते. आहे तीच वापरायची असेल तर तिच्यावर फोमचा पॅड टाका. दोन पॅडच्या आर किमतींची बेरीज होते.

पहाटे गादी मऊ झाली तर लगेच भोक शोधत बसू नका. हवा गार झाली की आकसते. झोपण्याच्या आधी, बाहेर गारवा पडल्यावर, पुन्हा दोन पंप मारायचे.

स्लीपिंग बॅगवरचा आकडा फसवा असतो. '२० फॅ.' लिहिलेलं असतं तो बऱ्याचदा खालच्या मर्यादेचा आकडा, म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र निघेल असा. लेबलवर 'कम्फर्ट' म्हणून दुसरा आकडा असतो, तो बघा. २० वाल्या बॅगचा तो ३० च्या आसपास निघतो. ज्येष्ठांसाठी अपेक्षित तापमानापेक्षा कम्फर्ट आकडा दहा फॅरनहाइट खाली असलेली बॅग घ्या, जास्त झालं तर चेन उघडता येते. आणि बॅग ऐसपैस नको, रिकामी जागा अंगालाच तापवावी लागते.

तंबू सगळीकडून बंद करून झोपणं ही सर्वात सामान्य चूक. चार जणांच्या श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होते आणि पहाटे तोंडावर टपकते. लोकांना वाटतं तंबू गळतो. वरच्या खिडक्या हातभर उघड्या ठेवा. तंबूत शेगडी, गॅस हीटर, निखारे काहीही नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

भटकी_मांजर
गोधडींच्या प्रतिसादात भर. 'सहा माणसांचा तंबू' म्हणजे सहा पॅड खेटून मांडले तर. सामान धरून चार. खालचं ताडपत्रीचं कापड तंबूच्या बुडापेक्षा सगळीकडून दोन-तीन इंच लहान दुमडा. बाहेर आलं की पावसाचं पाणी त्यावर जमून थेट पाठीखाली येतं. खुंट्या तंबूपासून दूर कललेल्या, दोरीशी साधारण काटकोनात. तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या खडीच्या जमिनीत वाकतात, जाड पोलादी खिळ्यासारख्या आठ-दहा वेगळ्या घ्या आणि एक हातोडी.

पावशेर
शेकोटी राहिली. योसेमिटी व्हॅलीत १ मे ते ३० सप्टेंबर शेकोटी फक्त संध्याकाळी ५ ते रात्री १०. व्हॅलीत सरपण गोळा करायला मनाई, पाइनची बोंडंसुद्धा नाही. लाकूड विकत घ्यायचं आणि ते जिथे जाळायचं तिथल्याच भागातलं, घरून डिकीत भरून नाही. लाकडाच्या सालीखालून किडी नव्या जंगलात जातात. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये तर बाहेरून आणायचं असेल तर उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्क्याचं लाकूडच चालतं. विझवताना पाणी, मग काठीने ढवळणं, पुन्हा पाणी. राखेवर हाताची मागची बाजू धरून गार लागेपर्यंत. वाळू टाकून झाकलेले निखारे सकाळपर्यंत जिवंत असतात.

वणव्याच्या धोक्यामुळे शेकोटीवर मधेच सरसकट बंदी येते. म्हणून जेवण शेकोटीवर अवलंबून ठेवू नका.

रानमेवा
सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न राहिले. आईबाबा ६५ च्या पुढचे आहेत, सिनियर पासवर कॅम्पिंग अर्ध्या किमतीत होतं असं वाचलं. आणि बाबांना रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं यंत्र) लागतं.

सह्यकडा
सिनियर पास ६२ किंवा त्याहून जास्त वयाच्या अमेरिकन नागरिकांना किंवा कायमस्वरूपी रहिवाशांनाच मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना नाही. तुमचा ८० डॉलरचा वार्षिक पास असेल तर तो प्रवेशापुरता, कॅम्पिंगचं भाडं त्यात येत नाही. पाइन्सच्या साइटचं भाडं ३६ डॉलर रात्रीला, ते वेगळं.

सीपॅपसाठी: योसेमिटीत कुठल्याही साइटवर वीज नाही. जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवता येतो आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता, म्हणजे झोपेच्या वेळी त्याचा उपयोग शून्य. बॅटरीच लागेल. सगळ्यात जास्त वीज यंत्राचा ह्युमिडिफायर आणि तापवलेली नळी खातात. डॉक्टरांना विचारून ते दोन्ही बंद ठेवता आले तर बॅटरी कितीतरी जास्त पुरते. यंत्राला थेट जोडणारी डीसी वायर घ्या, इन्व्हर्टरमधून फिरवली तर वीज वाया जाते. घरी दोन रात्री बॅटरीवर चालवून सकाळी किती टक्के उरते ते बघा, मग ठरवा. ह्युमिडिफायरचं पाणी तंबूत चालेल, पण मास्क पुसायचे सुगंधी वाइप्स लॉकरमध्ये.

गोधडी
बाबांसाठी तंबू स्वच्छतागृहाच्या जवळच्या साइटवर लावा, पण अगदी शेजारच्या नाही, तिथे रात्रभर दिवा आणि दाराचा आवाज असतो. दोन-तीन साइट सोडून. जमिनीवरून उठायला त्रास असेल तर घडीची खाट घ्या, मात्र तिच्यावरही पॅड हवाच, खाटेखालून वारा जातो.

भटकी_मांजर
अपर पाइन्सला शॉवर नाहीत, फ्लश टॉयलेट आहेत. आंघोळीला व्हॅलीतल्याच करी व्हिलेज या मुक्कामाच्या वसाहतीत जावं लागतं, दुपारी गर्दी कमी. व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही, टाकी आधीच भरून या. फोनला रेंज धरू नका: आरक्षणाचा कागद छापून आणि पार्क सर्व्हिसच्या अ‍ॅपमध्ये तो पार्क ऑफलाइन साठवून निघा. चेक-इन आणि चेकआउट दोन्ही दुपारी १२ ला, तेव्हा निघायच्या दिवशी तंबूचं वरचं कापड सकाळी आठलाच काढून उन्हात टाका. ओलं गुंडाळलेलं कापड गाडीच्या उन्हात एका दिवसात कुबट होतं.